मैनाचा डावा पाय

पोंभुर्ण्याच्या आसपास वरातीची घोडी हवी असली की लोक पत्रू रामटेकेचं घर विचारतात. त्याच्या बापाच्या काळी त्यांच्या जातीच्या माणसाने घोड्यावर बसून गावातून जायचं म्हटलं, तर गावाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाप स्वतःच्या वरातीतही पायीच गेला. पत्रूने पंचविशीत घोडी आणली आणि मग कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा न विचारता साऱ्या नवरदेवांना तिच्यावर चढवलं. माणूस तसा मोकळा, हसरा, पण एकदा मनात आलं की थांबणं त्याच्या कुंडलीत नाही.

त्याची म्हातारी घोडी लाली गेली तेव्हा मागे तिची शिंगरी राहिली, मैना. पत्रूच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. आता पोरीही घोडीवरून मांडवात येतात. तेव्हा रोशनी मैनावर बसून, वाजतगाजत, अख्ख्या गावातून येणार, हे पत्रूने सोयरिकीच्या दिवशीच जाहीर करून टाकलं.

कार्तिकातल्या एका सकाळी मैना कोठ्यातून निघता निघता अडली. मागचा डावा पाय काठीसारखा ताठ होऊन मागेच राहिला, खूर जमिनीवर घासू लागला. पत्रूने ओढलं, चुचकारलं. शेवटी ती आपणच दोन पावलं मागे सरली, कट्कन वाजलं आणि पाय सुटला. मग हे दिवसातून दहादा होऊ लागलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर करिश्मा मडावी वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी मैनाला चालवून पाहिलं, मांडीवरून हात फिरवला.

"भाऊ, सांध्यावरची वाटी वर जाऊन अडकून राह्यली. घोडी वाढून राह्यली, मांडी अजून भरली नाई. बांधून ठेवू नका. रोज दोन वेळा चढावर चालवा, सावकाश. पाय अडकला तं ओढू नका, मागं सरकवा. सहा महिने द्या तिले."

"अन् वाटी धरणारी शीर कापली तं, डॉक्टर बाई? बैलाची तं कापतेत."

"बैलाचं वेगळं. घोडीची कापाची ते शेवटी, काहीच जमलं नाई तं. एवढ्या लहान वयात कापली अन् आराम नाई भेटला, तं वाटीच फुटते कधी कधी."

चालवायचं काम रोशनीने घेतलं. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. ड्यूटीला जाण्याआधी आणि आल्यावर ती मैनाला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर चढवायची, उतरवायची, पुन्हा चढवायची. घोडीशी बोलायची, सासरच्या गोष्टीही तिलाच सांगायची. माघ सरेपर्यंत मैनाची मांडी भरू लागली. पाय दोन दिवसांतून एखादवेळीच अडकू लागला. आणखी अडीच महिने नुसतं चालायचं होतं.

पण पत्रूला दम निघेना. वाजंत्रीची सवय व्हावी म्हणून त्याने मैनाला एका नात्यातल्या लग्नात नेलं, आणि नेमका तिथे, मांडवाच्या दारात, पाय अडकला. बँडवाल्यांपैकी कोणी ओरडला, "पत्रूभाऊ, घोडीचा हँडब्रेक काढा ना!" मांडव हसला. पत्रू हसला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे नवरीचा बापच उतावळा झाला होता.

दसरू नावाचा म्हातारा जन्मभर जनावरांच्या मलमपट्टीची नोकरी करून घरी बसला होता. धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या बैलांचा असाच पाय अडकतो. दसरूने शीर कापली की बैल उठून चालू लागतो, हे सगळ्या तालुक्याने पाहिलेलं. पत्रू त्याच्याकडे गेला.

"घोडा हाय गा, बैल नोहे," दसरू म्हणाला. "मी घोड्याले कदी हात लावला नाई."

"हाडमास सारखंच असते, दसरूभाऊ. माह्या पोरीचं लगन हाय."

पोरीच्या लग्नाचं नाव निघालं तसा दसरू उठला. रोशनी ड्यूटीवर असतानाची वेळ पत्रूने मुद्दाम साधली. शीर कापली, मैना उठली आणि सरळ चालली. पत्रूच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन महिने पळवू-नाचवू नोको," दसरूने बजावलं. संध्याकाळी रोशनीने पायावरची पट्टी पाहिली. त्या रात्री ती जेवली नाही.

तीन आठवडे पत्रूने कसेबसे काढले. पाय एकदाही अडकला नाही. मग त्याने अंगणात डफडं वाजवायला लावलं आणि मैनाला नाचवलं. ती नाचलीही, आईसारखीच मान उडवत. चौथ्या दिवशी सांधा सुजून टरारला. करिश्मा डॉक्टर आल्या, बोटांनी चाचपत राहिल्या.

"वाटीचा तुकडा निघाला, भाऊ. चालंल ती, लंगडत. पाठीवर वजन नाई, नाचणं नाई. कदीच नाई."

पत्रूला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्या सहा महिन्यांतले साडेतीन तर सरलेच होते. हा हिशेब तो अजूनही झोपताना करतो आणि कूस बदलतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी रोशनी कोठ्यात मैनाचा सांधा शेकत बसली होती. हाताला मेंदी होती, म्हणून शेकायचं फडकं तिने मनगटांत धरलं होतं. पत्रू दारात येऊन उभा राहिला.

"बाई, गोंडपिपरीची एक घोडी पाह्यली मी. पांढरी हाय. उद्या सकाळी आणतो. तुले घोडीवरच नेईन, माहा शब्द हाय."

रोशनीने मान वर केली नाही.

"बाबा, मले कदी घोडीवर बसाचंच नोतं. तुमाले बसवाचं होतं. मी तं हिचा पाय बरा व्हावा म्हणूनच हिले चालवून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी ती मांडवात पायी आली. पत्रू तिच्या मागून चालत होता, घोडीसाठी ठरवलेली वाजंत्री वाजतच होती, आणि ती थांबवा असं सांगायचंही त्याला सुचलं नाही.