रिळात अडकलेला बांध

अन्याय माझ्या आत्यावर झाला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या ओहोटीला. खोदाईचं मशीन खाडीकडे न्यायला वाट हवी म्हणून रस्त्याच्या ठेकेदारानं तिच्या शेताचा बांध फोडला आणि तसाच उघडा टाकून गेला. दुपारच्या उधाणाला खारं पाणी पिकल्या भातात शिरलं. पंचनाम्यात मात्र लिहिलं, बांध उधाणानं फुटला. म्हणजे गुन्हेगार समुद्र! ठेकेदार मोकळा, बांध आत्यानं स्वतः घालायचा, आणि तोवर प्रत्येक उधाण तिच्या शेतात.

मशीन बांधात दात रुतवत होतं तेव्हा मी समोर उभी होते. मोबाइल घरी चार्जिंगला, गळ्यात जुना कॅमेरा, त्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल. त्यावरच फोटो काढले. पंचनामा करणाऱ्या तलाठी साहेबांना हे सांगितलं तर ते हसले. "रोल? लग्नाचा अल्बम काढताय काय, ताई? धुऊन आणा, मग बघू."

रोल मी घरीच धुते. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला टॉवेल. पूर्ण अंधारात फिल्म रिळावर चढवायची, रीळ डब्यात ठेवून झाकण घट्ट लावायचं, मग बाकीचं काम उजेडात. हाताच्या सवयीचं काम. पण त्या दिवशी फिल्म अर्ध्यात अडकली. ढकलली तर दुमडली. ओढली तर कुरकुरली. दार उघडावं तर उजेडानं सगळा रोल जळणार. घाम डोळ्यांत, आणि बाहेर आत्या.

"आला का गं फोटू?"

"आत्ये, दार उघडू नकोस!"

"मी कशाला उघडू? पन जिती हायस ना?"

नखानं रिळाची खाच चाचपली. खरखर लागली. घाम असेल म्हटलं, पण घामाची अशी खरखर नसते. बोट जिभेला लावलं. मीठ! आमच्या घरात कुठलंही भांडं वापरायच्या आधी विहिरीच्या पाण्यानं विसळायचं, तसं रीळही मी विसळून वाळवलं होतं. शेतात खाडी घुसल्यापासून विहीरही खारी झालीय, हे माझ्या हातांना अजून कळलंच नव्हतं.

फिल्म हळूच सोडवली, नुसतीच डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि बाहेर आले. विकतच्या पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं रीळ घासलं, उन्हात कोरडं केलं. पुन्हा अंधारात. या वेळी फिल्म सरसर गेली.

निगेटिव्हवर मशीन आलं. दात बांधात, पाणी लांब. फिल्म दुमडली तिथे चंद्रकोरीसारखा डाग, पण तो आभाळात. आत्यानं पट्टी उजेडाला धरली. "ह्ये तर भुतासारखं दिसतंय. पन त्येच हाय मेलं!"

साहेबांनीही पट्टी उजेडाला धरली. या वेळी हसले नाहीत. "दिसतंय हो. पण पंचांच्या सह्या आहेत. बांध उधाणानं फुटला, हे त्यांनी पाहिलंय."

कुठून पाहिलं? सगळे पंच पंचनाम्याच्या दिवशी नाक्यावरच्या टपरीवर चहा पीत होते. कागद तिथेच फिरला. एकही जण बांधापर्यंत गेला नाही. त्यातला एक आमचा शेजारी. विचारलं तर म्हणतो, "सगळ्यांनी सही केली, म्हणून मी केली."

आत्या अजून मातीच्या गोण्या टाकते. उधाण त्या घेऊन जातं.

तुमच्यापुढेही कुणीतरी असा कागद धरेल. चहा ठेवा बाजूला. आधी बांधापर्यंत चालत जा, पाय चिखलात घाला, आणि मग सही करा. जायचं नसेल, तर पेन हातात घेऊ नका.