काष्टी ते सुरयानी

बाजाराच्या दिवशी अब्बांनी दुकान लावलं नाही, असं माझ्या आठवणीत एकदाच झालं. मी जर्मनीला निघाले तो दिवस. बैलांचे चामडी पट्टे, म्होरक्या, घुंगुरमाळा घरात गोणपाटाखाली पडून होत्या आणि अब्बा काष्टीच्या एसटी स्टँडवर माझ्या नव्याकोऱ्या बॅगांना दोर आवळत बसले होते.

"अब्बा, चेन आहे की त्यांना," मी म्हटलं.

"चेनचा भरोसा न्हाई. दोर म्या वळलाय."

पुण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या एकाने विचारलं, "पोरगी डाक्टर व्हायला चालली का?"

"न्हाई. सुरयानी शिकाया."

"म्हंजी?"

"जुनी भाषा हाय. नबींच्या गोष्टी हायेत तिच्यात." एवढं सांगून अब्बांनी गाठ पुन्हा तपासली. खरं तर त्यांनाही त्याहून जास्त माहीत नव्हतं. गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावरचा माझा हात अम्मीने सोडला नाही.

तुम्ही सगळे, गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही, मला अजून विचारता की हे वेड लागलं कुठून. पुण्यात अरबी शिकत असताना आमच्या बाईंनी एकदा फळ्यावर युसूफची गोष्ट तीन लिपींत लिहिली. हिब्रू, सुरयानी, अरबी. ज्यू, जुने सीरियन ख्रिस्ती आणि आपण, तिघांच्या घरात तोच मुलगा, त्याला विहिरीत टाकणारे तेच भाऊ. लहानपणी पट्टे शिवता शिवता अब्बा हीच गोष्ट सांगायचे. मला वाटलं होतं ती आमच्या घरची आहे. ती इतक्या घरांची निघाली म्हणून वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंदच झाला.

जर्मनीतल्या त्या लहानशा विद्यापीठाच्या गावात पहिलं वर्ष थंडीत आणि व्याकरणात गेलं. सकाळी ट्राम, दिवसभर ग्रंथालय, संध्याकाळी मायक्रोवेव्हमधला भात. सुरयानी प्रवचनं बऱ्याचदा मोजून घेतलेल्या अक्षरांच्या ओळींत असतात, चर्चमध्ये मोठ्याने म्हणायला रचलेली. जिथे बायबल एका वाक्यात पुढे जातं, तिथे प्रवचनकार थांबतो आणि माणसांना बोलू देतो. माझ्या वाट्याला आलेलं प्रवचन युसूफच्या बापाच्या, याकूबच्या प्रवासावरचं होतं. मुलगा मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, जिवंत आहे हे कळल्यावर म्हातारा बाप आपला मुलूख सोडून तिकडे निघतो आणि वाटेत घाबरतो. त्या भीतीवरच पानंच्या पानं होती. शेजारी ज्यू हस्तलिखितांतली तीच गोष्ट ठेवून मी ओळ ओळ ताडून बघायची.

अब्बांशी व्हिडिओ कॉल रोजचा. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ते बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, पडद्याच्या जरा बाजूला बघतात. विचारलं तर म्हणाले, "मोबाईल जुना झालाय." सुट्टीत घरी गेले. अब्बा पट्ट्याची भोकं बोटाने चाचपत शिवत होते. अम्मीने त्यांच्यापुढे चहा ठेवला तेव्हा त्यांचा हात कपाच्या बाजूने गेला. अम्मी आत जाऊन रडली. मला कळवायचं नाही, अशी शपथ त्यांनी तिला घातली होती.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नेमाने घातले तर आहे ती टिकेल. गावात कुणीतरी गमतीने म्हणालं होतं, पोरगी लांब गेली म्हणून म्हाताऱ्याचे डोळे गेले, युसूफसाठी रडून आंधळे झालेल्या याकूब नबींसारखे. गंमतच होती ती, पण मला ती सोसली नाही. घरी येऊन मी सांगून टाकलं की आता परत जाणार नाही. पुण्यात शिकवीन, दर रविवारी येईन.

अब्बांनी हातातलं चामडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या त्या पोथीत, युसूफ माघारी आला का घरी?"

"नाही. याकूबच गेले मिसरला."

"म्हातारपणी?"

"हो. घाबरत घाबरत गेले."

"मंग मलाबी यिऊ दे की. जरा दिसतंय तवर बघून घेतो, तू कुठं ऱ्हाती ते. पासपोर्ट काढ माझा."

मी रडतच हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला तिकीट रद्द करू दिलं नाही.

कागदपत्रांत बरेच महिने गेले. अम्मीला विमानाची धास्ती, म्हणून ती माझ्या भावाकडे राहिली आणि अब्बा एकटे आले, व्हीलचेअरवरून विमानतळाबाहेर, डोक्याला मफलर, मांडीवर बाजरीच्या पिठाची पिशवी. दोन महिने राहिले. हिटरशी त्यांचं कधी जमलं नाही. तिथला काळा ब्रेड मात्र आवडला. "ही बाजरीची चुलत भन हाय," म्हणायचे.

एक दिवस त्यांना ग्रंथालयात नेलं. तिथल्या उर्सुलाबाई हस्तलिखितं सांभाळतात आणि नियमाला फार कडक आहेत. मी दुभाष्याचं काम करत होते. त्यांनी तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, कातड्यावर लिहिलेल्या एका जुन्या गुंडाळीचा सुटा तुकडा दाखवला. अब्बांनी मान वाकडी करून, नाक लागेल इतक्या जवळून तो पाहिला आणि विचारलं, "हात लावू का?" मी भाषांतर करायला कचरले. पण उर्सुलाबाईंना अब्बांच्या बोटांवरूनच समजलं असावं. त्यांनी अब्बांना हात धुवायला लावले, पुसायला लावले आणि कोऱ्या कडेवर बोट ठेवू दिलं.

"ही मासाकडची बाजू," अब्बा म्हणाले. "आन् ही केसाकडची. शेळीचं हाय. मेंढीचं न्हाई."

कातड्याची कोणती बाजू केसाकडची आणि कोणती मांसाकडची, हे ओळखायला मला पहिल्या वर्षी महिना लागला होता. उर्सुलाबाईंनी यादी उघडली. तिथे 'मेंढी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी भिंग आणलं, केसांच्या छिद्रांची ठेवण बराच वेळ न्याहाळली आणि पेन्सिलीने 'मेंढी' खोडून 'शेळी' लिहिलं. मग अब्बांशी हस्तांदोलन करून त्यांनी नाव विचारलं. अब्बांनी पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.

परतताना ट्राममध्ये ते म्हणाले, "ज्यानं हे कातडं कमावलं, त्याचा हात लई साफ हुता." लिहिणाऱ्याचा विचार मी तीन वर्षं करत होते. कातडं कमावणारा माझ्या डोक्यातही आला नव्हता. प्रबंधात मी त्याच्यासाठी एक पान वाढवलं.

प्रबंध झाला, मला तिथेच शिकवायची नोकरी लागली. अब्बांची नजर आता अजून अरुंद झाली आहे, तरी बाजारच्या दिवशी ते दुकानावर बसतात. पट्टे भाऊ विकतो, अब्बा गिऱ्हाइकांशी बोलतात. मागच्या महिन्यात बाजार चालू असतानाच त्यांनी फोन लावला आणि बोलता बोलता कुणी भेटलं म्हणून फोन तसाच चालू ठेवून बाजूला ठेवला. मी ऐकत राहिले. बैल हंबरत होते, एक टेम्पो हॉर्न देत होता.

"काय चाचा, पोरगी कधी येनार घरी?" कुणीतरी विचारलं.

"घरीच हाय की ती," अब्बा म्हणाले. "म्या जाऊन बघून आलोय."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. घरी कधी येणार, या प्रश्नाला इतकी वर्षं मला उत्तर देता आलं नव्हतं.