खाडीतल्या मेलेल्या माशांचा फोटो

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. आईबाप मिठागरावर राबले. हे मी लपवत नाही, उलट वर्गात मुद्दाम सांगते. पेणच्या शाळेत नववीला नागरिकशास्त्र शिकवते. हल्ली मोबाईलवरची बातमी कशी तपासायची, तेही शिकवायचं असतं.

पावसाळा सरताना गावच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. काठावर मेलेल्या माशांचा खच, मागे होड्या, खाली मजकूर: आपल्या खाडीचं पाणी विषारी झालंय, मासळी खाऊ नका. मी तोच फोटो वर्गात दाखवला. खाडीकाठची पोरं म्हणाली, असल्या होड्या आपल्याकडं नायत बाई. शोधलं तर फोटो जुना, दुसऱ्याच राज्यातला निघाला. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

त्याच संध्याकाळी मावशी घरी आली. मावशी म्हणजे आमच्या आळीतली, पेणच्या बाजारात मासे विकते. तिची मुलगी माझ्याच वर्गात. फोटो फिरल्यापासून तिची माशांची पाटी भरलेलीच परत येत होती.

"ग्रुपवर लिव गो, बातमी खोटी हाय म्हणून. तुझं ऐकतील."

"फोटो खोटा आहे मावशी. पाण्याचं मला नाय ठाऊक."

"फोटो खोटा, मग बातमी खरी कशी?"

बोलणं सरळ होतं. पण उन्हाळ्यात आमच्याच बांधाजवळ मासे मरून वर आलेले दोघींनीही पाहिले होते. ते कशाने मेले, कोणी तपासलं नव्हतं. मी तो विषय काढला, तर ती म्हणाली, आमच्या घरात रोज खाडीचीच मासळी शिजते, कोण मेलं?

शेवटी लिहिलं: हा फोटो आपल्या खाडीचा नाही. पाणी कसं आहे, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. खाली नाव टाकलं, पदवीसकट.

काहींनी पहिलं वाक्य तेवढं पुढं पाठवलं, काहींनी दुसरं. दुसरंच जास्त फिरलं. बाजारात मावशीकडं कोणी फिरकेना. ती भांडली नाही, पण माझ्या दारावरून जाताना आता हाक मारत नाही.

परवा मधल्या सुट्टीत तिच्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही नुसतं पहिलंच वाक्य लिवलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं काय?"

खोटं नसतं ठरलं. खरं मात्र अर्धंच झालं असतं, आणि तिच्या आईचे मासे खपले असते. उद्या सांगते, म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. पुढचा धडा सुरू केलाय.