लठ्ठ सेंटिमीटर

बत्तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या पोरांना गणित शिकवलं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी, म्हणजे तशी तरुणच होते तेव्हा, मला अठ्ठावीस सेंटिमीटर नीट मोजता आले नाहीत. एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती चूक झाली असती. पण मी ती शंभर माणसांसमोर दुसऱ्याच्या नावावर खपवली. ज्याच्या नावावर खपवली, त्या माणसाकडे मिरवण्यासारखं आयुष्यात एकच होतं, ते म्हणजे त्याचं माप. त्या बाईचा, म्हणजे माझा, मला अजून इतका राग येतो की समोर आली तर तिला बाकावर उभी करीन.

तो माणूस म्हणजे शिरोली एमआयडीसीतले पॅटर्नवाले अण्णा. गेल्या वर्षी गेले. त्यांना सदा रागावलेलंच पाहिलं मी. कानामागे पेन्सिल, भुवयांत लाकडाचा भुसा, आणि सकाळचा पहिला चहासुद्धा चहावाल्याशी भांडल्याशिवाय घशाखाली उतरायचा नाही.

मी त्यांच्यापर्यंत पोचले तीही रागानंच. नात नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तिचा बेस गिटार कपाटामागे टाकून गेली. चार जाड तारांचं ते लांबलचक वाद्य मी धूळ पुसायला म्हणून बाहेर काढलं, एक तार छेडली, आणि छातीच्या खाली काहीतरी हललं. दोन वर्षांत बऱ्यापैकी वाजवायला लागले. मग आम्हा निवृत्त लोकांचा एक वाद्यवृंद होता, त्यात शिरले. त्याचे म्होरके पत्की, निवृत्त इंजिनिअर, कीबोर्ड वाजवायचे. तालमी आणि कार्यक्रम कसबा बावड्यातल्या एका सभागृहात व्हायचे. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

बेस गिटारला स्वतःचा आवाज नसतो. त्याला ॲम्प्लिफायर लागतो आणि स्पीकरचं खोकं लागतं. भाड्यानं आणलेलं खोकं तिघांनी कण्हत वर चढवलं, त्या दिवशी पत्की सगळ्यांदेखत म्हणाले की बाईंच्या बेसला हमाल परवडणार नाही, त्यापेक्षा तो बेस मीच कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवतो, फरक कुणाला कळणार आहे? सगळे हसले. मीही हसले. दातओठ खातानाही हसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. 'बेस पाहिजे' म्हटल्यावर दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मंडळ कुठल्या पेठेतलं म्हणून विचारलं. कोल्हापुरात बेस म्हणजे मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत, तिच्यापुढे लुगड्यातली म्हातारी उभी. मी म्हटलं, मला लोकांच्या खिडक्या फोडायच्या नाहीत, मला जिना चढायचाय. त्यानं हात टेकले. एवढं हलकं खोकं करून देणारा एकच माणूस आहे म्हणाला, पण जाताना कान घरी ठेवून जावा.

अण्णांचा खरा धंदा फाउंड्रीचे पॅटर्न करण्याचा. लोखंडी भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी शंभर भाग भंगारात. म्हणून शिरोलीत 'अण्णांचं माप' हा शब्दच झाला होता. वाद मिटवायचा तर माणसं म्हणायची, अण्णांचं माप हाय, पुन्हा मोजू नका. स्पीकरची खोकी ते फावल्या वेळात करायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लोकंड काय गातंय व्हय?"

मी ऐटीत सांगितलं की मला पाचशे वॅटचं पाहिजे. त्यांनी रंधा खाली ठेवला. "वॅट शिजवून खाणार हाय काय, बाई? आवाज खोक्यात असतोय. मशीन नुसतं मागनं ढोसतंय." मग माझे गुडघे, खांदा आणि जिन्याच्या पायऱ्या यांची चौकशी केली. एकही प्रश्न संगीताचा नव्हता. मला अपमान वाटला. आता वाटतं, असे प्रश्न मला डॉक्टरांनीसुद्धा कधी विचारले नव्हते.

खोकं किती वजनाचं हवं, हे ठरवण्याची त्यांची रीत अशी. फाउंड्रीतली वाळू पिशवीत भरली, ती माझ्या हातात दिली, आणि मला सभागृहाचा जिना चढायला लावला. स्वतः वरच्या पायरीवर बसले. मी वर पोचले की म्हणायचे, आता त्या पत्कीला एक शिवी द्या. पहिल्यांदा मला नुसती धाप लागली. त्यांनी पिशवीतली डबाभर वाळू काढली. पुन्हा जिना. दुसऱ्यांदा अर्धी शिवी निघाली. चौथ्या खेपेला मी वर पोचल्या पोचल्या पत्कींच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की खालच्या मजल्यावरचा पंख्याखाली झोपलेला शिपाई उठून बाहेर आला. अण्णा पहिल्यांदाच खूश दिसले. वर पोचून शिवीपुरता दम उरला, म्हणजे ओझं बरोबर. वाळू तोलली, साडेदहा किलो भरली. ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोकं, सगळं मिळून त्याच्या वर जायचं नाही, हे ठरलं. "उचलताना तोंडात शिवी आली," ते म्हणाले, "की वाजवताना हातात गोडवा कुठला यायला?"

स्पीकर एकच, बारा इंची, हलक्या चुंबकाचा. खोकं पातळ प्लायवूडचं, आतून आडव्या पट्ट्यांनी कसलेलं. ॲम्प्लिफायर जाडजूड शब्दकोशाएवढा, दोन किलोंचा, तो मी कुरिअरनं मागवला. इथवर आमचं जमलं. मग मी डोकं चालवलं. अण्णांचं म्हणणं, मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, निराळं ठेवा, खोकं निराळं. मला हवी होती एकच मूठ, एकच ओझं. खोक्याच्या माथ्यावर कप्पा करा आणि मशीन त्यात बसवा म्हणून मी हट्ट धरला. माणसाचं डोकं धडावरच असतं की, असंही वर ऐकवलं. "म्हणून तर तापतंय," अण्णा म्हणाले. पण ऐकलं त्यांनी. मशीनच्या दोन्ही बाजूंना वारा घ्यायच्या जाळ्या होत्या, त्यांच्यासमोर कप्प्याला भोकं पाडतो म्हणाले. मात्र चारी बाजूंनी बोटभर मोकळं ठेवू द्या. मी वर्गातला आवाज काढला. खडखड वाजेल, मी मिलिमीटरमध्ये माप आणून देते, तेवढंच कापा.

माप घ्यायला घरी शिंप्याचा टेप होता, पण गणिताच्या बाईला तो कसा चालावा? अण्णा चहावाल्याशी भांडायला गेले होते. त्यांच्या बाकावरची पोलादी पट्टी मी उचलली आणि पर्समध्ये घातली. विचारलं नाही. संध्याकाळी परत ठेवू म्हटलं.

आता माझी अक्कल ऐका. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न जरासा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुद्दाम लांब आखलेली असते. तिचा प्रत्येक सेंटिमीटर जरा लठ्ठ असतो. त्या पट्टीवर अठ्ठावीस सेंटिमीटरचं मशीन मला सत्तावीस सेंटिमीटर सात मिलिमीटर दिसलं. दोन मिलिमीटर ऐसपैस म्हणून वाढवले, आकडा कागदावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि कागद अण्णांच्या हातात दिला. पट्टी गिटारच्या पिशवीत गेली आणि परत द्यायची राहिली.

खोकं आलं ते थेट कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, रिक्षानं. अण्णा कामावर अडकले होते. मशीन कप्प्यात जाईना. मी टॉवेलची घडी लावून लाटण्यानं ठोकलं. अर्धं गेलं आणि अडकलं, ना आत ना बाहेर. भोकं एकीकडे, जाळ्या दुसरीकडे. म्हटलं, वाजतंय ना? झालं तर. साडेदहा किलो घेऊन जिना चढले, वर पत्की दिसले, आणि दम शिल्लक होता, तरी सभ्यपणानं गप्प राहिले.

पहिली पाच गाणी स्वर्गात होते मी. सहाव्याला मशीन गुदमरलं आणि बंद पडलं. पत्कींनी माझ्याकडे न बघता डावा हात खाली सरकवला आणि बेस वाजवायला लागले. सभागृहात एका माणसालाही काही कळलं नाही. माझ्या तारा हलत होत्या, आवाज त्यांचा येत होता. गाणं संपल्यावर त्यांनी माइकवरून हसत विचारलं की बाई, हे खोकं कुणाचं? आणि मी, बत्तीस वर्षं पोरांना 'चूक कबूल करावी' असं फळ्यावर लिहून देणारी मी, म्हणाले, "शिरोलीच्या अण्णांचं. त्यांचं माप चुकलं." पहिल्या रांगेत दोन फाउंड्रीवाले बसले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, ते मला अजून दिसतं.

सकाळी अण्णा दारात. त्यांनी कप्पा मोजला, माझा कागद काढून त्याच्याशी ताडला. मग मशीन मोजलं. मी शिव्यांची वाट बघत होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "कशानं मोजलासा, बाई?"

"पट्टीनं," मी म्हटलं. "आणखी कशानं मोजतात?"

गणिताच्या बाईंचं माप कसं चुकंल, पट्टीवरचं आकडं आपल्यालाच नीट दिसत नसतील, डोळं गेलं असतील, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि खोकं उचलून घेऊन गेले. चार दिवसांनी परत आणलं, बोटभर मोकळ्या कप्प्याचं. आजतागायत ते एकदाही गुदमरलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्याशी भांडणसुद्धा केलं नाही, आणि मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी गाढव.

पंधरा दिवसांनी गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात पट्टी सापडली. एका कडेला 'एक टक्का' असं कोरलेलं. नातीची शाळेतली पट्टी शेजारी ठेवून बघितली, तर तिच्या अठ्ठाविसासमोर हिचे सत्तावीस सेंटिमीटर सात मिलिमीटर आले. पुढं काय केलं असेल? अण्णा चहाला गेलेले बघून त्यांच्या बाकावरच्या भुशाखाली ती पट्टी सरकवून आले. चोरून नेली, चोरून ठेवली. आणि आठ महिने तोंड उघडलं नाही.

त्या आठ महिन्यांत शिरोलीत 'अण्णांचं माप' हा शब्द बंद झाला. एकदा डोकावले तर ते एकच फळी तीनदा मोजत होते आणि दर वेळी आकडा भिंतीवर खडूनं लिहीत होते. बारीक काम परत पाठवायला लागले. हरवलेली पट्टी भुशात सापडल्यावर, आपल्याला आता ठेवलेलंही आठवत नाही, असं शेजाऱ्याला सांगितलं म्हणे. मग कळलं की करवतीचं मशीन विकायला काढलंय. त्या बातमीनं मात्र मला घरात बसवेना.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. करवत विकली गेली नाही. त्यानंतर पाच वर्षं अण्णांनी काम केलं आणि चहावाल्याला पुन्हा सुखानं जगू दिलं नाही. माइकवरून मी सगळं कबूल केलं, ते दोन्ही फाउंड्रीवाले मुद्दाम बोलावून. पत्की मध्येच विनोद करायला गेले, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतचं ते साठवलेलं सगळं त्यांनाही ऐकवलं.

पण आधी गेले ती अण्णांकडे. ते करवतीवरचं तेल पुसत होते. मी उभ्यानंच सांगितलं. पट्टी न विचारता नेल्याचं, त्यांनी विचारलं तेव्हा लपवल्याचं, भुशाखाली ठेवल्याचं. बोलता बोलता खाली बसले आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. कान हळूहळू लाल झाले. आठ महिन्यांनी तो राग चेहऱ्यावर परत येताना बघून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

"तुमच्यापायी दोनदा चष्मा बदललो मी, बाई," ते म्हणाले. "डोळ्याचा डॉक्टर म्हणत हुता, नजर बेस हाय, कायबी झाल्यालं न्हाय. तर मी त्येलाच आंधळा म्हटलो, त्येच्या दवाखान्यात हुबारून, सगळ्या पेशंटांच्या म्होरं. आता हितं रडत बसू नका. उठा, आणि आदी त्येची माफी मागून या जावा."