गट क्रमांक ४७/२ आणि पटले सर

तिरोड्याच्या संगणक वर्गात पटले सर आम्हाला शेल स्क्रिप्ट शिकवत. चल, म्हणजे व्हेरिएबल, वापरायला घेतला की ते हमखास विचारत, "यात काय ठेवणार, ते ठरवलंत का?" तिथेच त्यांची माझी ओळख झाली. पुढे त्यांनीच मला एका पाणीवापर संस्थेच्या कामावर सोबत घेतले.

शेतकऱ्यांच्या अर्जांवरून पाणीपाळीची यादी काढणारी स्क्रिप्ट मी लिहिली. गट क्रमांकाचा चल मी declare -i असा, म्हणजे पूर्णांक म्हणून, जाहीर केला. अर्जदार सगुणाबाईंचे वावर होते गट ४७/२. शेलने तिरक्या रेघेचा अर्थ भागाकार घेतला आणि यादीत २३ छापले. पाणी गेले गट २३ मध्ये, ज्याने अर्जही केला नव्हता त्याच्या धानाच्या बांधीत.

सगुणाबाई कार्यालयात आल्या. "माह्या वावराले पानी काऊन नाही जी? अर्ज तं म्या देला होता!"

संस्थेचे सचिव खेकसले, "कंप्यूटर झूठ बोलता है क्या? खोटं बोलून पाणी मागता?"

त्या बाईंना सगळ्यांदेखत खोटारडे ठरवले गेले, आणि मी खाली मान घालून बसलो!

सरांनी अर्ज मागवला, स्क्रिप्ट उघडली. "अरे, हा आकडा नाही, वावराचा पत्ता आहे. शेलला भागाकार करायला कायले लावलंस?" त्यांनी ते -i काढले, यादी पुन्हा छापली आणि सचिवांना म्हणाले, "चूक आपली आहे. बाईंची माफी मागा."

"तांत्रिक बिघाड लिखो, बात खतम," सचिव म्हणाले.

तसे लिहिलेल्या कागदावर मी सही केली. सरांनी केली नाही. त्यांनी स्वतंत्र कागदावर लिहिले : 'स्क्रिप्ट मी तपासली होती, चूक माझी आहे.' माझे नाव कुठेही नव्हते. त्याच कागदाच्या आधारे संस्थेने त्यांना कामावरून काढले. सगुणाबाईंना पाणी मिळाले ते आठ दिवस उशिरा. अर्धा धान पोचट राहिला. संस्थेतल्या कोणीच माफी मागितली नाही. सर मात्र बाईंच्या घरी जाऊन हात जोडून आले.

आता सरांच्या साठीनिमित्त हीच संस्था शाल पाठवते आणि मला "तो जुना विषय नको" असा निरोपही धाडते! का नको? ज्यांनी खरे लिहिले त्यांना घालवलेत, खोट्यावर सही करणारा मी तिथे चार वर्षे राहिलो. ती स्क्रिप्ट माझी होती, हे आज मी इथे माझ्या नावानिशी लिहितो.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. संस्थेला त्यांची माफी मागायला जितकी वर्षे लागतील, त्याहून पुष्कळ अधिक.