मुलुंडमधला सिंहली राक्षस

पन्नासच्या दशकात अख्ख्या मुलुंडमध्ये सिंहली नृत्यावर अधिकारवाणीने बोलणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो. (अधिकार म्हणजे मासिकातला एक लेख. तोही अर्धा, पुढच्या पानाची वाण्याने पुडी बांधली होती.)

त्यात आमच्या चाळीच्या गणपतीत नाचायला मी चक्क सिलोनचा नर्तक ठरवला! पियदास त्याचं नाव, मुंबईत कथकली शिकायला आलेला. आठ दिवस मी जिन्यात व्याख्यानं झोडली. "त्यांच्या नाचाच्या तीन तऱ्हा. डोंगराकडची, सबरगमुव प्रांताची आणि किनाऱ्याची. किनाऱ्याकडचे राक्षसाचे मुखवटे घालून नाचतात आणि माणसाचा रोग पळवतात!"

परिणाम? कार्यक्रमाला पहिली रांग सगळी आजाऱ्यांची! हिवतापवाले, दमेकरी आणि मधोमध, महिनाभर कमरेत लचक भरलेली माझी आई, उशीला टेकून.

"आमच्या बाळ्यानं आणलाय हो नाचणारा," ती शेजारणीला सांगत होती. माझी छाती फुगली.

पियदास आला तो रुपेरी मुकुट आणि छातीवर मण्यांची जाळी घालून. मुखवटा नाही!

"अरे, मुखवटा कुठाय?"

"हम पहाडवाला. मुखौटा समुंदरवाला!" असं म्हणून तो नाचायला लागला. आणि काय नाचला! जोडीदाराच्या ढोलावर अशा गिरक्या घेतल्या की टाळ्या थांबेनात. पण मग आमचे मालवणचे भिकाजीकाका उठले.

"नाच बरो, पण रोग पळवणारो राकेस खंय आसा?"

"हो ना! आठ दिवस थापा मारत होतास काय रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

वाट लागली! आईचा चेहरा उतरला, तो मला बघवेना. मी धावत जाऊन काकांच्या घरातला शिमग्याचा राक्षसाचा मुखवटा आणला, तोंडावर चढवला आणि स्टेजवर उडी घेतली. मुखवट्याला डोळ्यांची भोकं होती, पण ती माझ्या कपाळावर आली. पहिल्या गिरकीत पडदा पडला, दुसरीत धोतर सुटलं आणि तिसरीत मी स्टेजवरून थेट आईच्या पुढ्यात!

आई हसली. पोट धरून हसली, आणि हसता हसता ताडकन उभी राहिली. लचक गेली होती!

"समुंदरवाला भी ऐसाच करता," पियदास खूश होऊन म्हणाला. "बीमार हसा, बीमारी गया."

उठता येईना ते फक्त मला. पंधरा दिवस कंबर शेकत पडलो होतो. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आई ताठ उभी राहून अभिमानाने सांगायची, "लोक नुसते मुखवटे लावतात हो. आमचा बाळ्या खराखुरा राक्षस आहे!"