खाडीचं पाणी प्यायलेलं इंजिन

माझ्या पूर्वीला पालघरच्या कॉलेजात नेणारी व्हॅन बंद पडली, तेव्हा मला आधी मुलीची काळजी वाटली आणि मग मंजुळाची. व्हॅन मंजुळाची. ती दांडीची, बाप कमलाकांत मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. घरातल्या बाकीच्या बायका सुकी मासळी विकतात. हिने नवऱ्यामागे व्हॅन घेतली आणि किनाऱ्याच्या गावांतल्या पाच मुली गोळा करून बोईसरवरून पालघरला न्यायला लागली. गाडीला मासळीचा वास येतो अशी एका आईची तक्रार होती. त्यावर मंजुळा म्हणाली होती, "वास येतो म्हंजे गाडी दांडीची हाय, चोरीची नाय."

त्या दिवशी बोईसरच्या अलीकडे इंजिनातून वाफ निघाली आणि गाडी थांबली ती थांबलीच. मुली रिक्षाने घरी आल्या. संध्याकाळपासून आम्हा आयांच्या ग्रुपवर दुसऱ्या व्हॅनची चर्चा सुरू झाली. ती व्हॅन मी पाहिली आहे. चालक एका हाताने गाडी चालवतो, दुसऱ्या हातात मोबाईल. पण सोमवारपासून तीच, असं जवळजवळ ठरत आलं होतं. तेवढ्यात ग्रुपवर मंजुळाचा आवाजी निरोप आला: "इंजिन उघडला हाय. ज्यांना बगायचा त्यांनी सालवडला या."

गेले मी एकटीच. मला गाडीतलं काही कळत नाही. पण ज्या यंत्राच्या भरवशावर माझी मुलगी रोज जाते ते आतून कसं दिसतं, हे पाहिल्याशिवाय मला राहवेना.

सालवडला मेकॅनिक धीरजच्या गॅरेजात इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला ते हेड म्हणतात, गोणपाटावर उलटं ठेवलं होतं. पाणी खेळायची भोकं पांढऱ्या खरपुडीने भरलेली. धीरजने स्क्रू ड्रायव्हरने ती खरवडली.

"मावशी, रेडिएटरमध्ये काय घातलं होतं?"

"पाणी."

"कुठलं?"

"खाडीचा."

धीरज हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिला.

"बगतो काय? पाइप फुटला, इंजिन तापला, गाडी खाडीवर उभी. बोटीचा इंजिन समुद्राच्याच पाण्यावर थंड होतो की! बापाच्या बोटीला कुणी बिसलेरी पाजली नाय."

"अगं मावशी, बोटीत पाणी एकीकडून आत येतं, दुसरीकडून बाहेर जातं. इथे तेच पाणी आत फिरत बसतं. आणि तू महिनाभर फिरवलंस."

"पाइप बदलला, पाणी तसाच ऱ्हायला," मंजुळा हळूच म्हणाली.

मी वाकून पाहिलं. बी.एस्सी.ला ॲल्युमिनियम आणि मिठाच्या पाण्याबद्दल जे परीक्षेपुरतं लिहिलं होतं, ते इथे समोर पडलं होतं. धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मी विचारलं, "हे मीठ खालच्या भागातही गेलं असेल ना?" धीरज म्हणाला, "खालचा ब्लॉक लोखंडाचा आहे, गंज आहे पण भोक नाही. हेड मात्र वाकलंय, गॅस्केट जळलंय." दुरुस्ती करायची तर हेड सपाट करायला लेथवाल्याकडे जाणार, ब्लॉकला बोअर होणार, नव्या रिंगा बसणार. पंधरवडा तरी जाईल. किंवा सरळ दुसरं इंजिन टाकायचं. मागून ठोकलेली एक व्हॅन भंगारवाल्याकडे उभी आहे, पुढचा भाग शाबूत. दोन दिवसांत काम.

दोन दिवसांत म्हणजे सोमवारच्या आत. मनात मी कधीच दुसरं इंजिन बसवून टाकलं होतं. मंजुळालाही तेच हवं असणार. पाच मुली गेल्या तर गाडी दुरुस्त करून नेणार कुणाला?

पण ती म्हणाली, "काढू नको अजून. आदी ऐकायचा."

"मी ऐकलंय मावशी, मक्खन आहे."

"गरम करून ऐकलास?"

धीरजने एक बॅटरी उचलली आणि आम्ही निघालो.

भंगारवाल्याकडे त्या व्हॅनला बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं. खरंच छान चालत होतं. मी उठायच्या बेतात होते. मंजुळा मात्र उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून राहिली. दांडीत जुनं इंजिन घेताना असंच करतात म्हणे: चांगलं तापेपर्यंत चालवायचं, मधे चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, पण उठायचं नाही. आमचाही चहा झाला. मग तिने धीरजचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि मुठीला कान लावला.

"पूर्वीच्या आय, तुमी पण ऐका."

मी कान लावला आणि दचकले. बाहेर नुसती घरघर होती. आत मात्र एक अख्खा कारखाना चालला होता. खटखट, सळसळ, आणि त्या सगळ्याखाली कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखा एक जड ठोका. धीरजनेही ऐकलं. "बेअरिंग असेल," तो कबूल करत म्हणाला. "थंड असताना नव्हता हा आवाज."

"थंड असताना माजी सासू पण बरी बोलायची," मंजुळा म्हणाली, आणि उठली. "माजाच कर नीट. त्याला काय झालाय ता मला ठावूक हाय. याला काय झालाय ता कुणाला ठावूक?"

"मग सोमवारी मुली?" मी विचारलं.

ती पदर खोचत म्हणाली, "गाडी बंद हाय. मी कुटं बंद हाय?"

सोमवारी ती एसटीच्या थांब्यावर उभी होती. मुलींना घेऊन बसमध्ये चढायची, कॉलेजच्या फाटकात सोडायची, दिवसभर पालघरच्या बाजारात वहिनीच्या टोपलीशेजारी बोंबील विकायची आणि संध्याकाळी त्याच मुलींना घेऊन परत. वासाची तक्रार करणारी आई दुसऱ्या व्हॅनकडे गेली. पूर्वी मंजुळाबरोबर जाईल असं मी ग्रुपवर लिहिलं, आणि बाकीच्या तिघी थांबल्या. लिहिताना खात्री होती असं नाही. पण ज्या बाईने सोमवार हातचा जाऊ दिला आणि ठोका ऐकल्यावर दुसरं इंजिन घेतलं नाही, तिच्याकडे मुलगी द्यायला मला कमी भीती वाटली, एवढंच.

लेथवाल्याने पंधरवड्याचे तीन आठवडे केले. मग व्हॅन आली. मंजुळाने ती आमच्या दाराशी मुद्दाम बराच वेळ चालू ठेवली. चांगली तापल्यावर खिडकीतून स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. मी ऐकलं. खटखट होती, सळसळ होती, खालून कुणी ठोठावत नव्हतं.

तिच्या सीटमागे आता गोड्या पाण्याचे दोन कॅन असतात. पूर्वी सांगत होती, परवा वाटेत मुलींना तहान लागली, तर मंजुळाने कॅनला हात लावू दिला नाही. बोईसरला गाडी थांबवली आणि सगळ्यांना बाटल्या घेऊन दिल्या.